पूल उपसला त्या भाद्रपदात

गणपती गेले की आमचा पूल हिरवा होतो. दर वर्षी होतो, त्यात नवल काही नाही. गौरींबरोबर जो पाऊस धरतो तो आठ-आठ दिवस उसंत देत नाही, लाइट जाते, फिल्टर बंद पडतो, आणि एका सकाळी मी मागचं दार उघडते तर अंगणात कुणी पालक वाटून ओतलाय असं वाटतं. काल पाणी होतं, आज भाजी. त्यात सुपारीच्या गळालेल्या पानांच्या विऱ्या पडलेल्या, नारळाची एखादी झावळ आडवी, आणि कडेला बेडकाची शेपटीवाली पिल्लं निवांत फिरताहेत. ह्या वर्षीही तसंच झालं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, “आलात का? या, बसा. तुमचीच वाट बघत होतो.”

पूल म्हणजे पोहायचा पूल. रेवदंड्याच्या अलीकडं आमची सुपारीची वाडी आहे, तिच्यात दोन खोल्या काढून आम्ही मुंबईच्या पाहुण्यांना देतो. मागच्या अंगणात हा वीस फूट लांब, बारा फूट रुंद, माणसाच्या छातीइतका खोल खड्डा, निळ्या टाइलचा. हल्ली पूल नसेल तर पाहुणा फोनसुद्धा ठेवून देतो. समुद्र पाच मिनिटांवर आहे, पण त्यांना समुद्र बघायला लागतो आणि डुंबायला पूल लागतो. असो. पितृपक्षात कुणी हौसेनं फिरायला निघत नाही. म्हणून ते पंधरा दिवस आमच्याकडं पूल साफ करायचे. घरात पितर आणि अंगणात शेवाळ.

काम किचकट, पण अवघड नाही. आधी जाळीनं पाला काढायचा. मग लांब काठीच्या ब्रशनं भिंती घासायच्या, पाण्यातल्या पाण्यात. शेवाळ ढगासारखं सुटतं आणि पाणी आणखीच घाण दिसायला लागतं, तेव्हा घाबरायचं नाही. ऊन उतरलं की क्लोरीन टाकायचं, कारण उन्हात त्याचा जोर उडून जातो. फिल्टर सलग चालू ठेवायचा. हिरव्याचं दुधाळ होतं. मग तुरटी फिरवायची, मेलेलं शेवाळ तळाशी बसतं, ते पाइपानं हळूच ओढून घ्यायचं. दहा दिवस लागतात. कधी बारा. एका गोष्टीला मात्र हात लावायचा नाही, ती म्हणजे पाणी. पाणी बाहेर काढायचं नाही. पाण्याला पाण्यात ठेवूनच साफ करायचं.

हे शहाणपण मला आता आहे. पाच वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात नव्हतं.

ओल्या शेवाळाचा एक वास असतो. बंद डब्यात राहिलेल्या काकडीसारखा, थोडा गोडसर, थोडा कुजका. ब्रश पहिल्यांदा भिंतीला लागला की तो वास वर येतो. लोकांना पावसाळा आला की भजी आठवतात. मला आमचे नाना आठवतात.

नाना म्हणजे माझे सासरे. ते विहिरींचे माणूस होते. विहीर कुठं खणायची, किती हातांवर पाणी लागेल, गोडं लागेल की खारं, हे ह्या पट्ट्यात कुणाला विचारायचं तर नानांना. लोक सकाळी रिक्षा पाठवायचे. नाना धोतर नेसून, टोपी घालून फाटकाशी तयार. त्या जागेवर गेले की चपला काढायचे आणि अनवाणी हिंडायचे. वारूळ कुठं, उंबर कुठं, गवत कुठं उशिरा वाळतं ते बघायचे. कधी कधी चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकायचे. मग काठी रोवून म्हणायचे, “हितं.” बदल्यात एक नारळ आणि चहा. दुसरं काही घेत नसत. आमच्या वाडीतल्या विहिरीच्या पायऱ्या त्यांना महिन्याप्रमाणं पाठ होत्या. वैशाखात किती उघड्या, श्रावणात किती बुडालेल्या. कॅलेंडर बघायचं सोडून ते विहिरीत वाकून बघायचे.

आणि विलास, माझे यजमान. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते, पण लिहिताना नाव घेते, नाहीतर ‘हे’ म्हणजे कोण ह्याचा घोळ होतो. विलासचे दोन ट्रक बंदरात चालायचे. त्यातला एक विकून त्यांनी पूल बांधला. गवंडी गावातलाच, त्यानं पाण्याची टाकी बांधावी तसा बांधून दिला. पूल म्हणजे विलासचा जीव की प्राण. सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्या काठावर बसायचे आणि नुसते बघायचे. स्वतः कधी पोहले नाहीत, येतच नाही त्यांना. मी म्हणायचे, “देवळात बसल्यासारखे काय बसताय?” तर म्हणायचे, “तू बस की. कुठं तिकीट आहे?”

त्या वर्षी श्रावणात त्यांच्या छातीत कळ आली. भर पावसात वडखळचे खड्डे खात मुंबई गाठली, ऑपरेशन झालं. नंतर मुलीनं त्यांना पनवेलला स्वतःच्या घरी नेलं, कारण डॉक्टर जवळ. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ह्यांना त्रास होईल असं काही बोलू नका, संताप तर अजिबात नको. आता विलासना संताप नको म्हणजे माशाला पाणी नको म्हणण्यासारखं. पण मी मान हलवली. गणपती झाल्यावर मी एकटी घरी परतले. नानांनी दीड दिवसाचा गणपती एकट्यानं केला होता, शेजारून दोघं येऊन आरती म्हणून गेले होते. घरात निर्माल्याचा वास आणि मागं, कर्म माझं, तो पूल. दीड महिना फिल्टर चालला नव्हता. पाण्याचा तळ सोडा, पाण्यात बुडवलेला स्वतःचा हात दिसत नव्हता.

विलास रोज फोनवर विचारायचे, “पूल कसा आहे गं?”

मी म्हणायचे, “निळाशार.”

आजारी माणसाला दुसरं काय सांगणार? घटस्थापनेच्या आधी ते घरी येणार होते. तोवर मला तो खोटा शब्द खरा करायचा होता. एवढंच माझ्या डोक्यात होतं. देवाशप्पथ, एवढंच.

माझं माहेर इकडचं नव्हे. माणगावच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीचं गाव. तिथली विहीर कातळात खोदलेली. पाण्याला वास यायला लागला, कधी एखादं करडू पडून मेलं, की सगळी आळी जमायची. इंजिन लावून विहीर कोरडी करायची, पोरं खाली उतरून गाळ काढायची, आणि सकाळपर्यंत झऱ्यांनी नवं पाणी भरून यायचं. “पाणी मेलं की उपसा,” असं माझे वडील म्हणायचे. मी लहानपणी काठावर बसून ते कितीदा बघितलंय. मला त्यात एक आनंद वाटायचा, घाण एकदाची उचलून फेकून दिल्याचा. त्यामुळं आमचा पूल बघून माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. पाणी मेलंय. उपसा.

मी डिझेलचा पंप मागवला तेव्हा नाना सुपाऱ्या वेचत होते. पंप बघून ते उठून आले.

“सुनंदे, ह्यो कशाला?”

“पूल उपसते, नाना.”

“उपसू नको गो. भाद्रपदात आसरा वर आलेल्या असतात. खालून उचलून देतील.”

आसरा म्हणजे पाण्यातल्या साती बहिणी. आमच्या विहिरीवर त्यांना हळदकुंकू वाहतात, ओटी भरतात. मीही भरते. पण पुलात? मला हसू आलं. मी म्हटलं, “नाना, टाइलच्या पुलात कुठल्या आल्या आसरा? आणि आल्या असतील तर क्लोरीननं पळाल्या असतील.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “आसरा म्हण न्हायतर पानी म्हण. आतलं पानी बसलंय म्हणून ह्यो जाग्यावर बसलाय. मार्गशीर्षापर्यंत थांब, पानी खाली जाईल, मग मी सोता तुला उपसून देतो.”

“मार्गशीर्षापर्यंत तुमचा मुलगा थांबणार आहे का?” मी फटकन बोलले. “येऊन हा नरक बघितला आणि परत छातीत कळ आली तर? तुमच्या आसरा येणार आहेत का दवाखान्यात?”

नाना पंपाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बघ बाय, तुझा घर हाय,” आणि पुन्हा सुपाऱ्या वेचायला गेले. आमची विहीर तिथून दहा पावलांवर. तुडुंब भरलेली, दुसऱ्या पायरीवर बसून हात घातला तर पाणी लागेल इतकी वर. मी ती रोज बघत होते. डोळे होते, पण उपयोग काय?

खोटं कशाला बोलू, तो उपसा करताना मला फार बरं वाटलं. श्रावणापासून नुसती भीती गिळत होते. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून माझ्या हातांना काही कामच राहिलं नव्हतं. पंप धडधडायला लागला, हिरवं पाणी वाडीच्या पाटातून वाहायला लागलं आणि एकेक निळी ओळ उघडी पडायला लागली, तेव्हा वाटलं, चला, काहीतरी आपल्या हातानं होतंय. तळाशी बोटभर चिखल, त्यात मेलेले बेडूक, एक स्टीलचा चमचा, पाहुण्यांच्या कुठल्यातरी पोराचा चष्मा. दुसऱ्या दिवशी पदर खोचून मी आत उतरले. काथ्या आणि ब्लीचिंग पावडर घेऊन घासत सुटले. संध्याकाळपर्यंत अर्धा तळ चकाकायला लागला. फोनवर विलासना म्हटलं, “येताना पोहायची चड्डी घेऊन या.” ते कितीतरी दिवसांनी हसले.

मग पाऊस पडला. फार नाही, परतीचा पडतो तसा, चार सरी.

सकाळी चहा घेऊन मी पुन्हा आत उतरले. उथळ बाजूनं घासत मध्यापर्यंत आले असेन, तर पायाखाली टक् असा आवाज झाला. वाटलं, टाइल सैल असेल. दुसरा आवाज झाला. मग लाह्या फुटाव्यात तशा टाइला सुटायला लागल्या आणि फटींतून गढूळ पाणी वर यायला लागलं. वरून नाना ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल हे मला माहीतच नव्हतं.

“वर ये! सुनंदे, टाक ते, वर ये आधी!”

मी शिडीला लटकले आणि वर आले. मागं बघितलं तर पुलाचा तळ फुगत होता. तव्यावरची भाकरी फुगते तसा, सावकाश, माझ्या डोळ्यांसमोर. एवढं काँक्रीट, एवढं लोखंड, ते खालून पाणी उचलत होतं. काठावरच्या फरशीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर गेली. मी तिथंच बसकण मारली.

नाना बसले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, विहिरीच्या मोटरीचा पाइप ओढत आणला आणि पुलात सोडला. “आत पानी भरायला पायजे. दाबायला पायजे ह्येला. उठ, बटन दाब.” मी बटण दाबलं. मग आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. विहिरीचं पाणी पुलात पडत होतं आणि तळ हळूहळू खाली बसत होता, पण पुरता बसला नाही. मध्ये उंचवटा राहिला, चिरा राहिल्या. दोन-अडीच तास मोटर चालली. “मी सांगितलं होतं,” असं ते म्हणाले नाहीत. नंतरही कधी नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

त्या दुपारी मागच्या पडवीत त्यांनीच विषय काढला. मी रडत होते आणि मोबाइल हातात घेऊन नुसती बसले होते. विलासना काय सांगू?

नाना म्हणाले, “मी उपसला म्हणून सांग.”

“असं कसं, नाना?”

“त्याला राग तर येनारच. तुझ्यावर आला तर घरात रोज धुसफूस, आनि त्याच्या काळजाला आता सोसायचा न्हाय. बापावर राग धरता येतो. बापाशी बोलला न्हाय तरी घर चालतं. बायकोवर धरला तर जेवनार कुठं?” मग थोडं थांबून म्हणाले, “बरा झाला की सांगू. तवा हसंल तो.”

मी दोनदासुद्धा नको म्हटलं नाही. एकदा म्हटलं, तेही तोंडदेखलं. सुटले, असं वाटलं मला. ते मी विसरू शकत नाही, ते सुटल्यासारखं वाटणं.

विलास घरी आले, पूल बघितला आणि पांढरेफटक पडले. नाना पडवीतून उठून पुढं आले आणि म्हणाले, “मीच उपसला. विहीर उपसतात तसा.” विलास ओरडले नाहीत. ओरडले असते तर निस्तरलं असतं. सावकाश एकेक शब्द मोजून म्हणाले, “उभ्या जन्मात पाणी पाणी केलंत. ह्यातलं तुम्हाला काही म्हणजे काहीच कळत नाही. माझा ट्रक गेला ह्या खड्ड्यात. आता ह्याला हात लावायचा नाही तुम्ही. विहिरीलासुद्धा नाही.” नानांनी मान हलवली. मी सैपाकघराच्या दारात होते. चुलीवर दुधाला उकळी येत होती, ते उतू जाऊ नये म्हणून मी आत वळले. खरंच त्यासाठी वळले का, हे मला विचारू नका.

आठ महिने विलास बापाशी बोलले नाहीत. नाना मागच्या पडवीत जेवायचे, विलास पुढं. मी दोन्हीकडं वाढायचे. “त्यांना मीठ हवंय का विचार,” असं विलास म्हणायचे आणि मी वीस पावलं जाऊन विचारून यायचे. मार्गशीर्षात दुसरा कंत्राटदार आला, त्यानं तळ फोडून नव्यानं केला, मधोमध एक झडप बसवली, खालचं पाणी दाबायला लागलं की ते आत घेणारी. तो म्हणाला, “ह्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर पूल रिकामा करतात का कुणी? जमिनीतलं पाणी उचलून देतं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?” नाना तिथंच उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी का नाही सांगितलं? बघा, कारणं भरपूर असतात. आधी विलासची तपासणी व्हायची होती. मग पुलाचं काम व्हायचं होतं. मग मुलीचं बाळंतपण आलं. मग बापलेक एकदाचे बोलायला लागले, म्हटलं आता कुठं गाडी रुळावर येतेय, कशाला खडा टाका. बोलायला लागले ते चेष्टेनं. विलासनी त्या गोष्टीची गंमत करून टाकली. पाहुण्यांना पुलाच्या काठावर बसवून सांगायचे, “आमच्या नानांनी एकदा पूल विहिरीसारखा उपसला! तरंगत वर आला, होडीसारखा!” पाहुणे हसायचे, विलास हसायचे, आणि नाना खुर्चीत बसून तेही हसायचे. मी भज्यांची ताटली घेऊन उभी. हातात ताटली असली की माणसाला तोंड नसतं.

गोष्ट गावभर झाली. बाजारात, देवळात, रिक्षाच्या थांब्यावर. “काय नाना, आमची पन विहीर उचलून देता काय?” नाना म्हणायचे, “देतो की, आधी घाबरू नको म्हनजे झालं.” पण त्यानंतर त्यांना न्यायला कुणाची रिक्षा आली नाही. एकदाही नाही. सवयीनं ते सकाळी टोपी घालून फाटकाशी जाऊन बसायचे. रिक्षा आली की मान वर करायचे. ती पुढं गेली की काठीनं जमिनीवर काहीतरी रेघा ओढत राहायचे. मी घरातून बघायचे. एकदा मी बाहेर जाऊन म्हटलं, “नाना, आज सांगून टाकते ह्यांना.” तर म्हणाले, “आता कशाला? आता तो हसतोय ना?” आणि मी मुकाट्यानं परत आत आले. मी अंगणवाडीत होते, तिथल्या पोरांना पंचवीस वर्षं शिकवलं, खरं बोलावं, चूक कबूल करावी. बोलायला काय जातं? त्यांना शिकवायला पगार होता.

तिसऱ्या वर्षी माघात नाना गेले. चार दिवस अंथरुणावर होते, कुणाला त्रास दिला नाही. गेल्यावरही विलासनी ती गंमत सांगायची सोडली नाही, उलट जरा मायेनं सांगायला लागले. “आमचे नाना ना, साधा माणूस...” असं सुरू व्हायचं. तो ‘साधा’ शब्द मला मिरचीसारखा झोंबायचा. साधा! त्यांच्याइतकं पाणी कळणारा माणूस ह्या वाडीत पुन्हा होणार नाही आणि आम्ही त्यांना साधा करून ठेवलं.

ह्या वर्षी दशमीला नानांची तिथी होती. पूल हिरवाच होता, मी सकाळी ब्रश मारून मग सैपाकाला लागले. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. पान वाढून विलासनी गच्चीवर नेऊन ठेवलं. हात जोडले आणि हसत म्हणाले, “नाना, पूल परत हिरवा झालाय बघा. उपसू का?”

कावळा समोरच्या नारळावर होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं. “तुमच्या नानांनी नाही उपसला,” मी म्हटलं. “मी उपसला. ते नको म्हणत होते.”

विलास वळले. मला वाटलं, आता स्फोट होणार, आता गोळी शोधायला लागणार. तसं काही झालं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “नको म्हणाले होते?”

मी सगळं सांगितलं. आसरा, पंप, पडवीतलं बोलणं. बोलताना मी रडले नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. कावळा येऊन वड्याला चोच मारून गेलासुद्धा, आमचं दोघांचं लक्ष नव्हतं.

विलास गच्चीच्या कठड्यावर टेकले. म्हणाले, “शेवटच्या दिवशी तू औषध आणायला रेवदंड्याला गेली होतीस. नानांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, विलास, पुलाचं मनात ठेवू नको.” ते थांबले. “मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, जा नाना, केलं तुम्हाला माफ.”

मी तांब्या खाली ठेवला.

“मी माफ केलं,” ते म्हणाले. “मी. त्यांना. आणि ते बरं म्हणाले, सुनंदा. बरं म्हणाले आणि डोळे मिटले.”

मग विलास उठले, जिना उतरले आणि चपला घालायला लागले. मी मागोमाग गेले. “कुठं निघालात?”

“गावात. ज्यांना ज्यांना सांगितलंय, त्यांना सांगून येतो.”

“माझं नाव सांगणार?”

“नानांचं काढायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी घालायला लागणार ना?” ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

“मग मीच सांगते,” मी म्हटलं. “तुम्ही सोबत या.”

पहिलं घर हरीभावजींचं. विलासचे लहानपणापासूनचे सोबती, वाडीला वाडी लागून. नानांच्या चेष्टेत सगळ्यात पुढं तेच असायचे. ते आणि त्यांची बायको ओटीवर सुपाऱ्या सोलत होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. पूल मी उपसला, नाना नको म्हणत होते, मी ऐकलं नाही, आणि आळ त्यांनी स्वतःवर घेतला. मला वाटलं, हरीभावजी हसतील, किंवा म्हणतील, म्हातारा गेला, आता काय त्याचं. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

हरीभावजींच्या हातातली सुपारी तशीच राहिली. “म्हनजे नानांना ठाव होतं?” ते म्हणाले. “पानी उचलंल हे ठाव होतं त्यांना?”

“होतं,” मी म्हटलं.

ते अंगणाकडं बघायला लागले. अंगणात त्यांच्या बोअरचा पाइप आहे, वर प्लॅस्टिकची बादली पालथी घातलेली. “आमी बोअर मारली त्या साली,” ते म्हणाले, “नाना सोता चालत आलते हितं. कुनी बोलावलं नव्हतं. म्हनाले, हरी, एवढ्या खोल जाऊ नको, दर्याचं पानी आत येईल, तुझी विहीरपन नासंल. मी सगळ्यांदेखत म्हनालो, नाना, तुमी जावा, तुमी तुमचा पूल उपसा.” त्यांनी सुपारी खाली ठेवली. “खारं लागलं. सा महिन्यांत विहीरपन खारी झाली. दोनशे झाडं गेली माझी.”

विलास ओटीच्या खांबाला धरून उभे होते. मला वाटलं, आता हरीभावजी म्हणतील, तू तेव्हा बोलली असतीस तर. ते म्हणाले नाहीत. नानांसारखेच, तेही म्हणाले नाहीत.

त्यांची बायको उठली. “बसा गो वयनी, आल्यासारखा चा तरी घ्या,” म्हणत ती आत गेली. हरीभावजी पाठमोऱ्या तिला, रोजच्या सवयीनं असावं, म्हणाले, “जारचं पानी घे. विहिरीचं घेऊ नको.”